हलके तरंगते, जड बुडते

दुष्काळ आणि सहकार या दोन्ही गोष्टी एकट्यादुकट्याला पेलत नाहीत; त्यांना अख्खे गाव लागते. घाटनांदूरहून आडवाटेने आत गेल्यावर लागणाऱ्या हिवरदरा या गावाला दोन्हींचा दांडगा अनुभव होता. दुष्काळ तिथे पावसाळ्यापेक्षा नेमाने येई, आणि शहादेव चेअरमन यांनी आजवर तीन सहकारी संस्था काढल्या होत्या. (तिन्ही आज हयात नाहीत. चेअरमनांची तब्येत उत्तम आहे.)

चौथी संस्था गिटारींची निघाली, यात नवल काही नव्हते. अवर्षणग्रस्त गावांसाठी बिनपाण्याच्या उद्योगांची एक योजना आली होती. मेणबत्त्या शेजारच्या गावाने पळवल्या, अगरबत्त्या त्याच्या पुढच्या गावाने, आणि खडू कोणा सभापतीच्या सासुरवाडीने. शेवटी उरली ती गिटार.

"घ्या," शहादेव म्हणाले. "गिटार पानी पेत न्हाई, चारा खात न्हाई. आपल्या बैलांपरीस बरी."

ठराव एकमताने मंजूर झाला. गिटार म्हणजे काय, असे सभेत कोणी विचारले नाही. सहकारात असले प्रश्न संस्था बुडाल्यानंतर विचारण्याची पद्धत आहे.

गावात गिटार ऐकलेला माणूस एकच, उत्तरेश्वर. ऊसतोडीला गेला असताना कारखान्यावर आलेला ऑर्केस्ट्रा त्याने उसाच्या गाडीवर चढून दुरून ऐकला होता. एवढ्या अनुभवावर त्याला संस्थेचा सेक्रेटरी नेमण्यात आले. (याहून कमी अनुभवावर माणसे खाती सांभाळतात.) पण तो आवाज त्याच्या कानात घर करून बसला होता. आपल्या हाताने एक गिटार करावी आणि ती वाजवावी, याखेरीज त्याला या जगाकडून काही नको होते.

त्याची बायको कडूबाई म्हणे, "मला दोन हंडे पानी पायजे, ह्यांला गिटार पायजे. देव दोघांचंबी ऐकना."

पाण्याचे असे होते. गावाला टँकर नव्हता. अर्ज होता; पण टँकर मंजूर होण्याइतकी लोकसंख्याच भरत नसे. माणसे मोजायला कर्मचारी यायचा तो ऐन ऊसतोडीत, आणि तेव्हा गावात उरायची म्हातारी माणसे आणि कोंबड्या. (कोंबड्या धरत नाहीत.) म्हणजे पाणी नाही म्हणून माणसे गाव सोडत, आणि माणसे नाहीत म्हणून गावाला पाणी मिळत नसे. एवढा चोख हिशेब सावकारालाही जमला नसता.

योजनेचे साहेब पहिल्या भेटीला आले आणि त्यांनी मुद्द्याला हात घातला. "गिटारीला लाकूड हलकं वापरणार की जड? शास्त्रीय चाचणी करून कळवा."

"पांगारा हालका, बाभूळ जड," पंडित सुतार म्हणाला. "उचलून बगितलं तरी कळतंय की."

परंतु उचलून बघणे ही शास्त्रीय चाचणी नव्हे, कारण प्रत्येकाचा हात निराळा असतो. शास्त्र शहादेवांना ठाऊक होते: हलके तरंगते, जड बुडते. सगळे मिळून पायऱ्यांच्या विहिरीवर गेले. पांगाऱ्याचा ओंडका आत सोडण्यात आला. तो तळाशी सावलीला बसलेल्या शेळीच्या शेजारी धप्पकन पडला. शेळीने वर पाहिले आणि जागा बदलली. बाभळीचाही तोच निकाल लागला. साहेबांनी जागेवरच टिपण केले की, पाण्याच्या अभावी सर्व लाकडे सारखीच जड आढळली. सबब परीक्षणार्थ पाणी उपलब्ध करून द्यावे.

आणि आठवड्याच्या आत टँकर आला! ज्या टँकरसाठी गावाने पिढ्यान्‌पिढ्या चपला झिजवल्या, तो बाभळीच्या एका ओंडक्याने आणून दाखवला. यात शासनाची काही चूक नाही. माणूस पाणी पितो तो वैयक्तिक उपभोग झाला. लाकूड पाण्यात पडते तो उद्योग.

हौद भरला. पांगारा तरंगला, बाभूळ बुडाली. चाचणीला वेळ लागला तो तंबाखू मळण्याइतका. मग 'चाचणीपश्चात अवशिष्ट जल' बायकांनी हंड्यांतून नेले. चव किंचित पांगाऱ्याची होती, पण तक्रार एकही आली नाही.

"आता काय कळवायचं?" उत्तरेश्वरने उत्साहाने विचारले. त्याला करवत कधी हातात घेतो असे झाले होते.

शहादेव रिकाम्या हौदाकडे बघत राहिले. तीन संस्था उगाच बुडवल्या नव्हत्या त्यांनी. "उत्तरेश्वरा," ते म्हणाले, "निकाल कळिवला की टँकर बंद. कळिव की चाचनी चालू हाय."

तिथून हिवरदऱ्यात विज्ञानयुग अवतरले. एका पांगाऱ्यावरून सगळे पांगारे ओळखावेत काय? नाही. मग बांधावरचा पांगारा तपासला, ओढ्यातला तपासला, सालीसकट तपासला, साल काढून तपासला. पुढे झाडे संपली तेव्हा लोकांनी घरातून नमुने आणले. मुसळे आली, लाटणी आली, पाळणे आले, एका घरची चौकट आली (दार रुसून तसेच उभे राहिले). मारुतीच्या देवळातली पेटी वाजत नव्हती, तीही बुडवून पाहिली. नंतरही वाजली नाही. दर खेपेला निष्कर्ष एकच निघे: अधिक परीक्षणाची गरज आहे.

गावात दोन पक्ष पडले. हलका गट म्हणे, हलके लाकूड चटकन बोलते. जड गट म्हणे, बोलते पण टिकत नाही. सूर धरून ठेवावा तो बाभळीनेच. ग्रामपंचायतीची निवडणूक याच मुद्द्यावर झाली. हलक्या गटातल्या मुलीला जड गटातले स्थळ आले, तर बोलणी वाद्याच्या पाठीवर येऊन मोडली. यातल्या एकानेही गिटार पाहिलेली नव्हती, त्यामुळे चर्चेची पातळी शेवटपर्यंत उच्च राहिली.

आणि खरे सांगायचे तर, गाव इतके खूश कधी नव्हते. दिवाळीनंतर मुकादम ऊसतोडीची आगाऊ उचल घेऊन आला, त्याला निम्म्या घरांनी चहा पाजून परत पाठवले. पोरे शाळेत दिसू लागली. कडूबाईने दारात तुळस लावली आणि ती जगली.

झुरत होता तो एकटा उत्तरेश्वर. शेवटी न राहवून त्याने पंडितला हाताशी धरले, अंबाजोगाईहून तारा आणल्या आणि गोठ्यात बसून गिटार केली. टिचक्या मारून लाकूड ऐकता ऐकता त्याला उमगले होते की, दोन्ही गट बरोबर आहेत. तारांखालची समोरची फळी पांगाऱ्याची हवी आणि पाठ बाभळीची. समोरची बोलते, मागची धरून ठेवते. त्याने तार छेडली. गोठ्यातला बैल रवंथ करायचा थांबला. उत्तरेश्वरच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

तेवढ्यात कडूबाई आत आली. तिनेही ऐकले. क्षणभर तिचाही चेहरा उजळला, आणि लगेच ती दार लावून घेत म्हणाली, "लई ग्वाड हाय वो. पन वाजवू नगा. सायबाच्या कानावर गेलं की लाकूड ठरलं म्हनतील. मग पानी?"

गिटार कडब्याखाली गेली. उत्तरेश्वर तिच्यावर कडबा लोटत असताना हमसून रडला. (संस्थेच्या पोटनियमांत सेक्रेटरीने रडण्यास मनाई नाही.)

उन्हाळ्याच्या तोंडावर साहेब आले ते कडक चेहऱ्याने. वरून विचारणा झाली होती. "आज एक तरी गिटार दाखवा. नाही तर संस्था बरखास्त, आणि टँकर बंद!"

शहादेवांनी मनाशी हिशेब मांडला. गिटार दाखवली नाही, तर संस्था जाते आणि टँकर जातो. दाखवली, तर लाकूड ठरते, चाचणी संपते आणि टँकर जातो. सहकाराच्या इतिहासात चेअरमनला उत्तर न सुचण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

सुचले ते कडूबाईला. ती गोठ्यात गेली आणि कडब्याखालची गिटार काढून साहेबांसमोर उभी राहिली. "ही घ्या सायेब, झालीया. पन हिची चाचनी ऱ्हायलीया. लाकडाची चाचनी येगळी, गिटारीची येगळी. ही तरंगती का बुडती, कुनी बगितलंय?"

साहेब विचारात पडले. मुद्दा बिनतोड होता.

उत्तरेश्वरने बायकोकडे पाहिले. मग तिच्या मागे रांगेने मांडलेल्या हंड्यांकडे पाहिले. "एकदा वाजवू द्या," तो म्हणाला.

त्याने हौदाच्या काठावर बसून ती वाजवली. सूर बरोबर होते की नाही, कोणाला ठाऊक. पण रांगेतल्या जड गटाच्या म्हाताऱ्याने हलक्या गटाच्या म्हाताऱ्याचा हात धरला. वाजवून झाल्यावर उत्तरेश्वरने गिटार छातीशी धरली, अलगद पाण्यात सोडली आणि तोंड फिरवले.

ती तरंगली. साहेब जेवायला गेले. पिठले-भाकरी आणि ठेचा खाऊन परत येईतो फळ्या जोडणारा सरस सुटला होता. पांगाऱ्याची फळी वर तरंगत होती, बाभळीची पाठ तळाला गेली होती. साहेबांनी चष्मा पुसून अभिप्राय लिहिला: गिटार एकाच वेळी तरंगली व बुडाली. प्रकरण गुंतागुंतीचे आहे. यापुढे तयार होणारी प्रत्येक गिटार पाण्यात तपासावी. टँकर वाढवावेत.

त्या दिवशी बायकांनी हौदाभोवती फेर धरला. शहादेवांनी गुलाल उधळला. कडूबाईने तळाशी वाकून बाभळीची पाठ स्वतः काढली, पदराने पुसली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "वाळवा," ती म्हणाली. "दुसरी करू."

उत्तरेश्वर तेव्हापासून गिटारी करतो. प्रत्येक गिटार एकदा वाजवतो आणि हौदात सोडतो. ऐकायला आता युसूफ वडगावपासून माणसे येतात. कडूबाई भरलेला हंडा मुद्दाम थोडा रिता करते आणि म्हणते, "भरंस्तोवर आजून एक वाजवा." संस्थेने आजतागायत एकही गिटार विकलेली नाही. सबब ती जिल्ह्यातली सर्वांत यशस्वी सहकारी संस्था गणली जाते.

तिचा अहवाल दर वर्षी वरपर्यंत जातो. घरी नळ असलेली पुष्कळ सुजाण माणसे तो लक्षपूर्वक वाचतात. गाव तहानेले का, असा शेरा अद्याप एकानेही मारलेला नाही. सगळे एकच विचारतात, मग गिटारीला शेवटी लाकूड चांगले कोणते, हलके की जड? ते तर उत्तरेश्वरला गोठ्यातच उमगले होते. तरीही मघापासून तुमच्या मनात तोच प्रश्न घोळत असेल, तर संकोच करू नका, लेखी कळवा. हिवरदऱ्यात तुमच्या नावाने एक टँकर जास्त येईल.