धुऱ्यावरची मुलाखत

सकाळी धानाच्या चिखलभरल्या बांधीत पाय घालतानाच वच्छलाने सगळ्या बायकांना दम भरला. "माही तृप्ती आज धुऱ्यावर उभी राहणार हाय. तिच्या अंगावर चिखलाचा एक शितोडा उडाला, तं एकीलेही चहा भेटणार नाही. सांगून ठेवतो."

दम भरायला कारण होतं. आज तिच्या शेतातल्या रोवण्याचा शेवटचा दिवस. या दिवशी धानाचं शेवटचं रोप चिखलात गेलं की धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जो कोणी कोरडा दिसेल त्याला चिखलाने माखायचं, ही या बायकांची रीत. मागच्या वर्षी खतं विकायला आलेला एक माणूस असाच सापडला होता. त्यानंतर तो या आंबागड गावाच्या वाटेलाच गेला नाही.

आणि नेमकी आजच तृप्तीची मुलाखत होती. तुमसरच्या एका शिकवणी वर्गात लहान मुलांना इंग्रजी शिकवायची नोकरी. मुलाखत फोनवरच, पण तोंड दिसणार. घरात रेंज नाही. ती येते फक्त गावाच्या किल्ल्याकडच्या धुऱ्यावर. नोकरी लागली तर पोरगी रोज संध्याकाळी घरी येणार, नाहीतर मावशीकडे पुण्याला जाणार. नवरा गेल्यापासून घरात दोघीच होत्या. वच्छलाला पोरगी डोळ्यांसमोर हवी होती. हे तिने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

"एक साधं क्रियापद घ्या आणि ते मुलांना कसं शिकवाल ते सांगा," असं वर्गाच्या मॅडमनी आधीच कळवलं होतं. तृप्तीने 'टेक' घेतलं. आठ दिवस ती चहा घेऊन शेतावर यायची आणि धुऱ्यावर फेऱ्या मारत टेकचा जप करायची. बायका विचारायच्या, ती हातवारे करून समजावायची. मग काय, सगळ्या बांधीला टेकची लागण झाली. चहा आला की कोणीतरी ओरडायची, "टेक अ ब्रेक!" पाऊस थांबला की अंगावरचं प्लास्टिक 'टेक ऑफ' व्हायचं. सत्तरीच्या रुखमा आजीला कोणी भरभर रोव म्हटलं, तर ती कंबर सरळ करून ठणकावायची, "टेक युवर टाइम!"

अकराला फोन लागला. रोवायला आलेल्या शेजारच्या शुभांगीचा गुलाबी ड्रेस घालून तृप्ती ताठ उभी होती. पडद्यावर वर्गाच्या रश्मी मॅडम होत्या, चेहरा इस्त्री केल्यासारखा. नाव, शिक्षण, सगळं नीट पार पडलं. मग मॅडम म्हणाल्या, "हं, आता टेकचे उपयोग सांगा."

तृप्तीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आठ दिवसांचा जप एका क्षणात पार धुऊन निघाला. वच्छलाच्या हातातली रोपं गळून पडली.

रुखमा आजीने ते पाहिलं. ती उठली, कंबरेवर हात ठेवून मोठ्ठा श्वास घेतला. "टेक अ ब्रेथ," तृप्ती पुटपुटली. शुभांगीने अंगावरचं प्लास्टिक भिरकावलं. "टेक ऑफ!" एकीने चहा प्यायल्याचं सोंग केलं, दुसरीने हात जोडून निरोप घेतला, तिसरी भर चिखलात ऐसपैस बसली. "टेक अ ब्रेक! टेक लीव्ह! टेक अ सीट!" तृप्तीची गाडी भरधाव सुटली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सारखं कोणाकडे पाहताय? फोन फिरवा बघू."

फोन फिरला. नऊ बायका एकदम वाकून रोवायला लागल्या. चिखलात बसलेली तेवढी उठू शकली नाही. तिने बसल्या बसल्याच रोवलं.

वच्छला पुढे आली. "मॅडम, तिले काही बोलू नोका. पोरीले सारं येते. ती घाबरली म्हणून आम्ही सांगितलं. चूक आमची हाय."

"तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तिनंच. आठ दिवस, चहा पिता पिता."

मॅडमनी रुखमा आजीकडे पाहिलं. "आजी, टेक युवर टाइम म्हणजे काय?"

"घाईनं रोवशीन तं रोप उपटून तरंगते," आजी म्हणाली. "सावकाश कर बाई, असं म्हणते थे."

 मॅडमचा तो इस्त्रीचा चेहरा हळूच चुरगळला. "आज शेवटचा रोवणा हाय का तुमचा?"

"हो जी."

"मंग पोट्टी अजून कोरडी काहून उभी हाय? मी बाजूच्याच मोहाडीची हावो, मावशी. बारा वर्षं झाले, मले कोणी चिखल नाही लावला." त्यांनी डोळे पुसले. "तृप्ती, सोमवारी येजो. पोरांनाही असंच शिकवजो."

फोन बंद झाला. आता थांबायचा धीर कोणाला होता? उरलेला तुकडा भराभर रोवून झाला. शेवटची चार रोपं रुखमा आजीने जन्मात पहिल्यांदा घाईने रोवली आणि बायका धुऱ्यावर धावल्या. सगळ्यात पुढे शुभांगी. तिने दोन ओंजळी भरून तृप्तीला न्हाऊ घातलं आणि मग एकदम किंचाळली, "अवं बाई! टेक ऑफ कर, टेक ऑफ! ड्रेस माहाच होय नं थो!"

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. तृप्ती नखशिखांत माखली होती, फक्त एक गाल कोरा राहिला होता. वच्छला जवळ गेली. पोरगी आता रोज संध्याकाळी घरी येणार होती. तिने आपला चिखलाचा हात त्या गालावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"घ्या!" रुखमा आजी मागून म्हणाली. "मालकीणच चिखल लावून रायली. आता हिचाही चहा बंद!"