नत्थूजींचा शेवटचा कागद

दाराची बिजागरी तुटली म्हणून मी नत्थूजींच्या दुकानात गेलो आणि बिजागरीबरोबर एक शिफारसपत्र घेऊन परतलो. पत्र सुताराच्या नावे होतं. "सदर इसम माझ्या परिचयाचे असून गरजू आहेत. त्यांच्या दाराचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा." सुतार दुसऱ्याच दिवशी आला, पण पत्र परत करायला. म्हणाला, "हे तुमच्यापाशीच ठेवा भाऊ. माह्यापाशी अशा अकरा चिठ्ठ्या आहेत."

नत्थूजी म्हणजे आमच्या खापा गावचे माजी आमदार. खिळे, दोरखंड, घमेली, बादल्या विकणारा हा माणूस फार वर्षांपूर्वी एकदाच, अपक्ष म्हणून निवडून आला. चिन्ह मिळालं बादली. दुकानातली बादल्यांची थप्पी बघून विरोधकांनी तक्रार केली, तर यांचं उत्तर तयार, "मी पयलेपासून बादल्या विकून राहिलो. चिन्हच माह्या दुकानात आलं, त्याले मी काय करू?"

नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं की बाकीचे आमदार आमदार निवासात उतरत. हे सकाळी दुकान उघडून, डबा घेऊन एसटीनं सभागृहात जात आणि संध्याकाळी परत गल्ल्यावर बसत. सभागृहातही कोटाच्या खिशात बिजागऱ्यांचे नमुने असत. पाच वर्षांत ते एकदाच बोलायला उभे राहिले आणि नेमकं तेव्हाच कामकाज तहकूब झालं. ते राहिलेलं भाषण मी निदान चाळीसदा ऐकलंय.

पद गेलं, पण छापील कागद उरले. छापखान्यानं भरमसाठ छापून दिले होते, आणि कागद वाया घालवणं नत्थूजींच्या रक्तात नव्हतं. 'आमदार'च्या डोक्यावर लाल शाईनं 'माजी' लिहून ते ज्याला-त्याला चिठ्ठ्या देऊ लागले. एसटीच्या कंडक्टरला, दवाखान्यातल्या डॉक्टरला, बायकोला दिवाळीला माहेरी न पाठवणाऱ्या कुणाच्या जावयाला. "काम होते का नाई, ते सोड," ते म्हणत. "मानूस माह्या दुकानातून खाली हातानं नाई गेला पाह्यजे."

गल्ल्यावर दोन जाड रजिस्टरं होती, एक जावक आणि एक आवक. गेलेली प्रत्येक चिठ्ठी जावकात चढायची. अशी चार रजिस्टरं भरली. आवक मात्र पहिल्या दिवसापासून कोरं, कारण नत्थूजींना कधी कुणी उत्तरच पाठवलं नाही. तरी रोज सकाळी ते दोन्ही रजिस्टरं फडक्यानं पुसत.

मी एकदा छेडलंच, "हे कोरं काहून पुसता जी?"

"ऑफिस म्हटलं का आवक पाह्यजेच गा प्रमोद."

त्यांचा नियम एकच होता, घरच्या माणसाला चिठ्ठी नाही. ते आमदार असताना त्यांचा एकुलता एक मुलगा दिनेश कॉलेजातल्या कारकुनाच्या जागेसाठी चिठ्ठी मागायला आला. "घरच्याची शिफारस म्हणजे बेइमानी," म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं आणि त्याच दुपारी, त्याच जागेसाठी, शेजारच्या पोराला चिठ्ठी देऊन टाकली. तो पोरगा लागला. दिनेश नागपूरला गेला तो गेलाच. आज कळमना मार्केटात त्याची मिरचीची अडत आहे. खाप्याहून फार तर दीड तासाचा रस्ता. आई होती तोवर सणावारी यायचा, ती गेल्यावर तेही सुटलं. नत्थूजी त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नसत. मला त्यांचा रागच यायचा.

यंदा कागद संपत आले. शेवटचा एकच उरलाय ही बातमी गावभर झाली आणि दुकानासमोर रांग लागली. नगरसेवकाला तो पुढच्या तिकिटासाठी हवा होता. चंद्रकलाबाई तर ओट्यावर ठाणच मांडून बसल्या. "माही म्हैस कोंडवाड्यात अडकली जी साहेब!"

"तुह्या म्हशीले साध्या कागदावर देतो वं," नत्थूजी म्हणाले आणि कागद गादीखाली सरकवला.

आठवड्यानं मी सकाळी बँकेत कामावर निघालो, तर त्यांनी हाक मारून बंद पाकीट हातात दिलं. "कळमन्याले देजो."

"जावक नंबर नाई टाकला?"

"नाई. हे बेइमानीचं आहे."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कळमन्याला गेलो. मिरचीच्या पोत्यांमध्ये बसून दिनेशनं पाकीट फोडलं, तो शेवटचा छापील कागद काढला आणि मला ऐकवायचं म्हणून तिरसटपणे मोठ्यानं वाचायला लागला. "महोदय, सदर इसम माझ्या फार जुन्या परिचयाचे आहेत. वय एक्याऐंशी. स्वभाव हेकट, पण वर्तणूक अलीकडे बरी आहे. त्यांच्या हातून एका होतकरू उमेदवारावर अन्याय..." इथं त्याचा आवाज उतरला. उरलेली ओळ मी त्याच्या खांद्यावरून वाचली. "सदर उमेदवाराने एकदा येऊन जेवून जावे, ही शिफारस."

मिरचीच्या बाजारात कुणी डोळे पुसले तर कुणी काही विचारत नाही. दिनेश बराच वेळ पुसत होता. मग म्हणाला, "तवा मले एक चिठ्ठी नाई देली. आता सोतासाठी लिहून राहिला." येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही.

पुढचे तीन दिवस नत्थूजी फक्त आवक रजिस्टर पुसत होते आणि प्रत्येक एसटीला मान वर करत होते.

रविवारी दुपारी दिनेश दुकानासमोर येऊन उभा राहिला. नत्थूजी जागचे उठले नाहीत.

"बस गा. जेवला का?"

"नाई. चिठ्ठीत जेवायले बलावलं होतं."

नत्थूजींनी मान हलवली. आवक रजिस्टर पुढे ओढलं, पहिलं पान उघडलं आणि क्रमांक एक टाकला. विषयाच्या रकान्यात लिहिलं, 'मुलगा आला.' तारखेच्या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं. त्यांना पुढचं दिसेना. दिनेशनं त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि तारीख टाकली.