कागद काढ गा

गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या सोसायटीच्या फाटकावर कुसुमताईंचा अपमान झाला. सावनेरहून एसटीनं आलेल्या, साठी ओलांडलेल्या या विधवा बाईंना सेक्रेटरींनी चारचौघांत अडवून विचारलं, "तुम्ही देवरावकाकांच्या कोण?" चौघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. मी जिना उतरून येईपर्यंत त्यांचा ऑटो वळलाही होता.

सेक्रेटरींना एवढी हिंमत कुठून आली, हे कळायला आधी देवरावकाका माहीत हवेत.

काका म्हणजे रिटायर्ड लाइनमन. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्या जरीपटक्यातल्या कुठल्याही मेडिकलवर कंडोम मागा. दुकानदार इकडेतिकडे बघतो, पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळतो, वर काळी पिशवी चढवतो, जणू बॉम्बच देतो आहे. काका मात्र काउंटरवर हात आपटून म्हणतात, "कागद काढ गा! मी काय चोरी करून राहिलो?" मग, "तारीख वाच. जोरात वाच, मले कमी ऐकू येते." दुकानदार बिचारा एक्स्पायरीची तारीख ओरडून वाचतो. मागच्या रांगेतली माणसं अचानक खोकल्याच्या गोळ्यांच्या जाहिराती वाचू लागतात. आणि ते पाकीट जाळीच्या पिशवीत मेथीच्या जुडीवर ठेवून काका भर बाजारातून घरी येतात.

"काका, या वयात?" कोणीतरी विचारतंच.

"मंग कोणत्या वयात? तू सांग."

मी लैंगिक आरोग्याच्या प्रचाराचं काम करते. पत्रकं वाटते, शिव्या खाते. या वयात दिवस राहायची भीती नसते, तरी काका इतके काटेकोर का, असं एकदा विचारलं, तर माझ्यावरच डाफरले. "आजार काय आधार कार्ड पाहून येते का वं पोरी? जन्मभर रबरी हातमोज्याबिगर तारेले हात नाही लावला मी. वरून करंट बंद हाय म्हणून सांगत. सांगणारा खोटा नसे, पण त्याले तरी काय माहीत?" आमच्या पत्रकात हे वाक्य घ्यायला हवं, असं मी मीटिंगमध्ये म्हटलं. घेतलं नाही. भाषा शिष्ट नाही म्हणे.

आमच्या वरच्या मजल्यावर नितीन भाड्यानं राहतो. कंपनीत नोकरीला आहे, लग्न व्हायचंय. रस्त्याकडेच्या तंबूतल्या वैद्यानं त्याला सांगितलं, एकट्यानं करतोस म्हणून ताकद गेली, नजरही जाईल. पोरगा जेवेना. काकांनी त्याला गच्चीवर बसवलं. आवाज काकांचा, म्हणून हे प्रबोधन तिन्ही मजल्यांना झालं. "माह्याकडे पाह्य. जवानीत मीही केलं. मोतीबिंदू सत्तरीत आला, तोही माह्या लहान भावाच्या नंतर! तुह्यानं कोणाले पोट येत नाही, कोणाले आजार होत नाही. हात धू अन् झोप. त्यात लाजाचं काय हाय?" तळमजल्यावरच्या काकूंनी खिडकी धाडकन लावली. नितीन मात्र त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवला.

कुसुमताईंची काकांशी ओळख नात्यातल्या एका लग्नात झाली. पुढे रविवारी येणं सुरू झालं. त्याआधी काकांनी मला एकच विचारलं होतं, "रक्त कुठं तपासून देतात?" दोघं सोबत गेले होते. ताईंना सुईची भीती, म्हणून काकांनी आधी स्वतःचा हात पुढे केला आणि नर्सबाईंना म्हणाले, "हळू वं बाई, त्या पाहून राहिल्या."

या माणसाला लाज माहीत नाही, असंच मी समजत होते.

परवा मी डोकेदुखीची गोळी घ्यायला मेडिकलवर गेले, तर काका उभे. दुकानदार आता पुरता तयार झालेला. त्यानं पाकीट उघडंच पुढे केलं आणि न सांगता तारीख ओरडला. काकांनी मान खाली घातली. हळूच म्हणाले, "कागदात बांध गा."

"काका! कागद?"

"माह्यं काय जाते वं पोरी," ते म्हणाले. "पाकीट माह्या हातात दिसते, अन् नाव तिचं निघते."

"ताई येणार आहेत का?"

"फोन नाही उचलत." त्यांनी ती पुडी पिशवीत अगदी तळाशी सरकवली. "पण आणून ठेवतो. आली, त घरात असावं."

पुडीवर त्यांनी बिनसाखरेच्या बिस्किटांचा पुडा ठेवला. काकांना शुगर नाही. ताईंना आहे.

एका माणसानं सगळ्या नियमांनी वागावं, स्वतःला जपावं, दुसरीला जपावं, आणि लाज त्यालाच वाटावी? सेक्रेटरींना नाही, तंबूवाल्याला नाही, फाटकावरच्या त्या चौघांना नाही?

येत्या रविवारी सकाळी मी सावनेरला जाते आहे. कुसुमताईंपुढे हात जोडीन आणि त्या हो म्हणाल्या, तर त्यांना घेऊन अकरापर्यंत परत येईन. सोसायटीतल्या लोकांनो, तेव्हा खाली या. फाटक तुम्ही उघडा, वॉचमननं नाही. "या ताई" म्हणा आणि बाजूला व्हा. कोण, कुठल्या, कशाला, एक शब्द विचारू नका.

आणि तुम्ही आमच्या सोसायटीत राहत नसाल, तर पुढच्या वेळी मेडिकलवर दुकानदार तुमच्या पाकिटाला कागद गुंडाळेल तेव्हा तो काढायला सांगा. जोरात सांगा. काकांना ऐकू गेलं पाहिजे.