थोरलीची पिवळी फुलं

फुलं करायला अक्कल लागत नाही, कात्री लागते, असं थोरलीचं ठाम मत होतं. आणि घरातली कात्री गेली अकरा वर्षं तिच्याच ताब्यात होती. कुणाचा वाढदिवस असो, कुणी परीक्षेत पास होवो, की नुसतेच पाहुणे येवोत, थोरली रंगीत कागदाचे गोंडे दारावर लावायची. गोंडे दर वेळी तेच. त्यातला एक तर तिच्या लग्नाच्या पहिल्या वर्षीचा होता आणि त्याचा मूळ रंग कोणता यावर घरात दोन मतं होती. पण कुणी बोलत नव्हतं, कारण दुसरं कुणी काही करतही नव्हतं.

मग दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ घरात आली.

धाकटी एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. आठ महिन्यांत तिने घरात कुणाला वाकडा शब्द ऐकवला नाही, ही थोरलीची पहिली तक्रार. दुसरी तक्रार फुलांची. उशीचा फाटका अभ्रा, बीट उकळलेलं पाणी आणि वीतभर तार, एवढ्या भांडवलावर ही बाई गुलाब करायची. असाच एक गुलाब तिने बाटलीत खोचून खिडकीत ठेवला, तर सासूबाईंनी त्याला दोन दिवस पाणी घातलं! तिसऱ्या दिवशी उलगडा झाला तेव्हा सगळं घर हसलं. थोरलीही हसली, पण तिच्या पोटात दुखायचं ते दुखलंच. अकरा वर्षांत तिच्या गोंड्याला कुणी पाणी घातलं नव्हतं.

तेवढ्यात सासूबाईंच्या निवृत्तीची तारीख आली. एकतीस वर्षं त्या वाचनालयात ग्रंथपाल होत्या. शनिवारी सकाळी वाचनालयाच्याच मोठ्या खोलीत निरोपाचा कार्यक्रम ठरला.

"सजावट धाकटी करेल," जेवताना सासूबाईंनी जाहीर केलं. "थोरले, तू चहाचं बघ. तुझ्या हातच्या चहाला तोड नाही."

थोरलीचा घास तोंडातच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नवऱ्यापुढे मन मोकळं केलं, तेव्हा तो दाढी करत होता.

"अकरा वर्षं मी सजवलं, आणि आईंचा एवढा मोठा दिवस आला तर मी चहा करायचा?"

"मग छान कर ना," नवरा म्हणाला.

त्यावर थोरलीने दिवसभर त्याच्याशी अबोला धरला. तो त्याच्या लक्षात आला नाही.

रविवारी धाकटी स्वयंपाकघरात फुलं करत बसली, तेव्हा थोरलीने तीनदा पाणी पिण्याच्या निमित्ताने फेरी मारली. धाकटी कापडाच्या पाकळ्या वाटीतल्या पांढुरक्या पाण्यात बुडवत होती आणि दोरीवर वाळत घालत होती. वाळलेली पाकळी पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहायची. सगळी मेख त्या वाटीत होती. थोरलीने नुसतं विचारलं असतं तर धाकटीने सांगितलं असतं, वर बसवून शिकवलंही असतं. पण विचारायचं म्हणजे हार मानायची, आणि ते थोरलीच्या रक्तात नव्हतं.

दारावरची बेल वाजली. धाकटी उठून गेली. थोरलीने वाटीशेजारचा चमचा उचलला आणि चाटला. गोड! म्हणजे साखरेचा पाक. हात्तिच्या, एवढंच होय?

आता वाचकांपासून काय लपवायचं? वाटीत मैद्याची साधी खळ होती, कपडे कडक करायला घालतात ती. आणि तो चमचा धाकटीच्या चहाचा होता.

पण पाक म्हटल्यावर थोरलीला कुणी शिकवायची गरज नव्हती. सोमवारी धाकटी दुकानात गेल्यावर तिने दोनतारी पाक केला. कापड म्हणून नवऱ्याचा पिवळा शर्ट घेतला. तो त्याचा आवडता होता, पण मोठ्या कामाला थोडा त्याग करावा लागतो आणि तो शक्यतो दुसऱ्याने करावा. तीन दुपारी खपून तिने पंचवीस फुलं केली. आणि खरं सांगायचं तर फुलं अप्रतिम झाली! ताठ, चकचकीत, आत्ताच दव पडून गेल्यासारखी. दुसऱ्या दिवशी ताटाला मुंग्या लागल्या तेव्हा तिने ताट पाण्याच्या परातीत ठेवलं. मुंग्या काय, त्यांना कामधंदा नसतो.

शनिवारी चहाचं सामान लावायचं म्हणून ती सगळ्यांच्या आधी वाचनालयात पोचली. भिंतीवर धाकटीचे गुलाब आदल्या संध्याकाळीच लागले होते. थोरलीने स्टूल ओढलं आणि व्यासपीठाच्या वर, बरोब्बर सासूबाईंच्या खुर्चीच्या डोक्यावर, आपली पिवळी फुलं टांगली. बेत पक्का होता. लोक वाहवा करतील, कुणीतरी विचारेल, आणि मग आपण कपबश्या मांडता मांडता म्हणायचं, "ती होय? मीच केलीत, सहज." त्या 'सहज'चा तिने आरशासमोर सरावही केला होता.

कार्यक्रम सुरू झाला. अध्यक्षस्थानी वनस्पतिशास्त्राचे एक वयोवृद्ध प्राध्यापक होते. गर्दीमुळे उकडायला लागलं म्हणून कुणीतरी बागेकडच्या खिडक्या उघडल्या. पहिली मधमाशी आली तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. दहा झाल्या तेव्हा पहिली रांग उठली. पन्नास झाल्या तेव्हा भाषण करणारे गृहस्थ माइकसकट टेबलाखाली गेले आणि उरलेलं भाषण त्यांनी तिथूनच केलं. लोक कपाटांमागे दडले. सासूबाई मात्र खुर्चीतच बसून राहिल्या. या खोलीत पळायचं नाही, हे एकतीस वर्षं त्याच लोकांना सांगत होत्या.

मग त्यांनी वर पाहिलं. "ही पिवळी फुलं कुणाची?"

आवाज असा होता, की आरशासमोर सराव केलेलं 'सहज' थोरली विसरूनच गेली. "धाकटीची," ती म्हणाली. चांगली मोठ्याने म्हणाली, शेवटच्या कपाटामागेसुद्धा ऐकू गेलं.

कुणी घाबरून हलेना, म्हणून माश्याही शांतपणे फुलांवर बसल्या. तेवढ्यात प्राध्यापक उठले. चष्मा पुसून ते फुलांखाली उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले, आणि वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चाळीस वर्षं मी फुलं शिकवली," ते म्हणाले. "माणसाला फसवणारी कागदी फुलं पुष्कळ पाहिली. पण मधमाशीला फसवणारं कापडाचं फूल आज पहिल्यांदा पाहतो आहे. या मुलीचा सत्कार झालाच पाहिजे."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. सासूबाईंनी आपल्यासाठी आणलेली शाल धाकटीच्या खांद्यावर घातली. थोरली हातातल्या ट्रेमुळे टाळ्याही वाजवू शकत नव्हती. ती शाल आपली होती, ते शब्द आपले होते, आणि ते आपणच आपल्या तोंडाने देऊन बसलो, या विचाराने तिचा नुसता तिळपापड झाला.

धाकटी गोंधळून प्राध्यापकांपाशी गेली. "सर, ही फुलं माझी नाहीत. मी पिवळी केलीच नाहीत. सकाळी मी आले तेव्हा ताई स्टुलावरून उतरत होत्या. त्यांनीच केली असणार."

मग प्राध्यापकांनी हात जोडले.

"पाहिलंत? एवढी कला, आणि श्रेय मोठ्या जावेला! आजच्या काळात असं मन कुठे मिळतं?"

पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा दुप्पट. दोन बायकांनी पदराने डोळे पुसले. आता मात्र थोरलीला राहवेना. ट्रे टेबलावर आदळून ती पुढे आली.

"अहो, ती खरं बोलतेय. खरंच मी केलीत. तीन दुपारी बसून केलीत!"

सासूबाई खुर्चीतून उठल्या, तिच्याजवळ आल्या, आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या,

"थोरले, आजच्या दिवस तरी जळू नये गं. जा, चहा आण."