उंदराचा दुसरा पाय

साल एकोणीसशे त्र्याण्णव. मुलांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर दोन वर्षांचा एक मुलगा होता. हाती लागेल ते सोलून काढायचा, म्हणून आजोबा त्याला उंदीर म्हणत. औषध शिरेतून द्यायचं होतं आणि शीर सापडता सापडत नव्हती. हात झाले, शेवटी डाव्या पायात सुई बसली, तेव्हा आईबरोबर धाकटी सिस्टरही रडायचीच बाकी होती. ही सुई निघाली, तर पुन्हा तेच सगळं.

धाकटी नुकतीच शिकून आलेली. तिने सुईवर पारदर्शक पट्टी लावली. कातडी लाल झाली, सुजली, तर लगेच दिसायला हवी; कितीतरी मुलं तपासून ठरलेली रीत होती ती. मोठ्या सिस्टरना पटेना. त्यांच्या हातचं बँडेज म्हणजे भला मोठा गोळा.

"गुंडाळलं तर आत काय चाललंय ते कळणार कसं, मोठ्या बाई?"

"तुझी ती काच हा उंदीर तासाभरात कुरतडेल. बँडेज बांध."

उंदराने कोपरा उचकटायला घेतलाच होता. पण धाकटीने एक हेरलं होतं: मोठी माणसं जिथे बघत, तिथेच त्याचा हात जाई. तिने पट्टी पक्की केली, त्यावरून पायजमा खाली ओढला आणि निमूटपणे बँडेज बांधलं. उजव्या पायाला.

आई अंघोळीला घरी गेली आणि आजोबा पहाऱ्याला आले. त्यांना धाकटीने मुद्दामच काही सांगितलं नाही. बँडेजवर नजर ठेवा, एवढंच म्हणाली. आजोबांनी तो पाय मांडीवर घेतला, माशी बसू दिली नाही, भेटायला आलेल्या आत्याला लांब बसवलं. उंदीर खुशीत बँडेज सोलत राहिला. धाकटी तासातासाने पायजमा सारखा करायला येई आणि डावा पाय बघून जाई.

घोटाळा झाला तो ती जेवायला गेल्यावर. निघताना मोठ्या सिस्टरना सांगायचं राहिलं. बँडेज तिथेच सुई, असं धरून त्या औषध द्यायला आल्या. त्यांनी बँडेज सोडलं, आणखी सोडलं, आणि आत निघाला नुसता गोरागोमटा पाय.

चादरी झटकल्या, आत्याची पिशवी उलटी केली. मुलाने गिळली असेल, असं आत्याच म्हणाली. मग डॉक्टर आले. पोटाचा फोटो काढा म्हणाले, आणि तोवर नवी सुई मागवली. आजोबा पांढरेफटक पडले. "मी पापणी लवू दिली नाही हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

धाकटी आली तेव्हा डॉक्टरांनी उंदराचा हात धरला होता. तिने धावत जाऊन डाव्या पायावरचा पायजमा वर केला. पट्टीखाली सुई जागच्या जागी, ना लाली, ना सूज.

"मग ते बँडेज कशाला?" मोठ्या सिस्टरनी विचारलं.

"त्याला सोलायला, मोठ्या बाई."

मग मोठ्या सिस्टरनी औषध स्वतः दिलं, पट्टीतून नीट बघून.

उंदीर आता बाप झालाय. अजून बाटल्यांवरची लेबलं सोलतो. आपण सुई राखली, असं आजोबा शेवटपर्यंत सांगत, आणि ते खोटं नव्हतं. धाकटी पुढे स्वतः मोठी सिस्टर झाली.

म्हातारपणी मोठ्या सिस्टरनाच सलाईन लागलं. त्या सारख्या पट्टीशी चाळा करत. धाकटी भेटायला आली, तिने त्यांच्या दुसऱ्या हाताला बँडेज बांधलं.

"मला काय उंदीर समजलीस?" त्या म्हणाल्या, आणि दुपारभर ते सोलत बसल्या.