इस्त्री केलेली अश्लील पँट

"मी माणसाकडे पाहत नाही, बाई. माणसाच्या आरपार पाहतो," असं म्हणत गुप्तहेर शिंपीणबाईंच्या दुकानात शिरायला गेले आणि काचेच्या दारावर धाडकन आपटले. पंचवीस वर्षांत आपल्या हातून एकही केस निसटली नाही, हे त्यांनी कपाळ चोळत सांगितलं. मुळात केस एकच आली होती, आणि हरवलेलं ते मांजर आपलं आपणच घरी परतलं होतं, हे फक्त त्यांच्या मेव्हण्याला ठाऊक होतं. वही-पेन घेऊन त्यांच्यामागे फिरणं हे मेव्हण्याचं काम. बहिणीचा नवरा पडला, नाही म्हणायची सोय नव्हती.

शिंपीणबाई रडकुंडीला आल्या होत्या. शिवलेल्या कपड्यांचे फोटो त्या आपल्या पेजवर टाकत आणि निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच येत. आठवड्याभरात दोन फोटो कुणाच्या तरी तक्रारीवरून उडाले होते. कारण एकच: अश्लील मजकूर. तक्रार कुणाची, ते कंपनी सांगत नव्हती. तिसरी आली की पेज कायमचं बंद.

"फोटो कसले होते?" मेव्हण्यानं विचारलं.

"एक पँट. आणि दुसरी पँट."

"आत कोण होतं?" गुप्तहेर गरजले.

"कोणी नाही हो! इस्त्री करून टांगली होती."

"तेच! पँट इथं लटकतेय, तर तिचा मालक कुठं आणि कुठल्या अवस्थेत? कंपनीच्या यंत्रानं नेमका हाच विचार केला. लिहून घे."

मेव्हण्यानं लिहून घेतलं. लाज वाटत होती, तरी घेतलं.

मग संशय समोरच्या शिंप्यावर गेला. त्याचा फोन बटणांचा निघाला. मग दुकानातल्या पुतळ्यावर. "याला डोकं का नाही? ओळख लपवायला!" गुप्तहेरांनी पुतळ्याची दहा मिनिटं उलटतपासणी घेतली. तो फुटला नाही. "मुरलेला आहे," ते म्हणाले.

कोपऱ्यात बाईंची आई काजं करत बसली होती. चाळीस वर्षं दुकानातली मापं तीच घेत आली होती. "अहो, जरा ऐकता का," असं ती दोनदा म्हणाली.

"आजी, साक्षीदारांना मी क्रमानं बोलावतो," गुप्तहेर म्हणाले.

शेवटी त्यांनी सापळा रचला. त्यांची स्वतःची नवी पँट तयार होऊन टांगलेली होती. "हिचा फोटो टाकू. गुन्हेगार तिच्यावर झडप घालेल आणि मी त्याच्यावर!"

"अहो, पण तिसरी तक्रार झाली तर माझं पेज जाईल!" बाई ओरडेपर्यंत त्यांनी बाईंच्याच फोनवरून फोटो टाकलासुद्धा.

गुप्तहेर पडद्याआड दडून रस्त्यावर नजर ठेवू लागले. पडद्यामागे दुसऱ्याला जागा नव्हती, म्हणून मेव्हणा आत पाहत उभा राहिला. आईनं सुई खाली ठेवली. चष्मा लावला. आपला फोन उचलून ती चुकचुकली आणि तिनं अंगठा सरसावला.

"आजी, थांबा!" मेव्हण्यानं कापडाचे गठ्ठे ओलांडत उडी घेतली आणि तिचा हात धरला. फोनच्या पडद्यावर प्रश्न होता: तक्रार पाठवायची?

"आई, तू?" बाई मटकन खालीच बसल्या.

"मग काय करू? कपडा गिऱ्हाइकाकडे जाईपर्यंत त्याला मापाची चिठ्ठी टाचलेली असते. तू तिच्यासकट फोटो टाकतेस. नाव, कंबर, सगळं! माणूस बायकोला सांगत नाही ते आपल्याला सांगतो. ते चारचौघांत मांडणं हे अश्लील नाही तर काय?"

"अगं, मग मला सांगायचंस ना!"

"दोनदा सांगितलं. तू फोनमध्ये होतीस."

बाईंनी आपला फोन हातात घेतला. एकेक जुना फोटो उघडून त्या चिठ्ठ्या वाचू लागल्या. मुख्याध्यापक, डॉक्टरीणबाई, शेजारच्या काकू. सगळी माणसं याच दुकानात विश्वासानं हात वर करून उभी राहिली होती. बाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी चिठ्ठीचे सगळे फोटो पुसले आणि म्हणाल्या, "यापुढं तू बघितल्याशिवाय एकही टाकणार नाही."

आता फक्त गुप्तहेरांची पँट उरली. चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरांत होतं: कंबर त्रेचाळीस.

"माफ करा हं, लगेच काढते," बाई ओशाळून म्हणाल्या.

गुप्तहेरांनी फोनमध्ये डोकावलं आणि छाती फुगवली. "राहू द्या की. चौतीस जणांना आवडलीय."

आईनं लेकीच्या हातातून फोन घेतला आणि फोटो काढून टाकला.

"तुमचं काही म्हणणं नसेल," ती म्हणाली, "पण माप मी घेतलंय."