पाकोळ्यांसाठी लावलेला आवाज

हे ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही. बसवूही नका. विश्वास ठेवणारा माणूस चहाच्या एका कपात उठून जातो, शंका घेणारा तीन कप बसतो, आणि मला सोबत हवी असते. काय म्हणता, आत किटली शिट्टी मारतेय? मारू दे. ऐका.

आपल्याच नदीकाठचा एक माणूस. नाव सारबाइनी धरून चला. साठी उलटलेली, अंगानं काटक, आणि एका बाबतीत आपल्या सबंध कालिमंतान मुलुखात त्याला जोड नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारात ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नव्हते. होडी खडकावर आदळली तर खडक चुकला. भात करपला तर तांदूळ चुकला.

तेव्हा गावाला पाकोळ्यांचं, त्या चिमुकल्या पाखरांचं, वेड लागलं होतं. जो तो घराचा वरचा मजला बंद करून अंधार करी, छपरावर छोटे कर्णे लावी आणि दिवसभर पाकोळ्यांचा चिवचिवाट वाजवी. तो ऐकून पाकोळ्या आत याव्यात, लाळेची घरटी बांधावीत, आणि ती घरटी मोठ्या शहरातल्या शेठांनी सूप करून प्यावीत. शेजारच्या हाजी कस्पुलच्या इमारतीत तर संध्याकाळी पाकोळ्या अशा शिरायच्या, की चुलीचा धूर उलटा चाललाय असं वाटावं.

सारबाइनीनंही घराची वरची खोली धरली. त्या खोलीत त्याची बायको मस्निया शिलाईयंत्रावर बसायची. नदीवरचा उजेड फक्त तिथंच यायचा. यानं खिडक्या विटांनी बुजवल्या आणि यंत्र खाली स्वयंपाकघरात आणून ठेवलं. वर्ष गेलं. पाकोळी एक नाही. शिवायच्या कापडाला मात्र तळलेल्या माशांचा वास कायमचा बसला.

“एकदा म्हणा, माझं चुकलं,” मस्निया म्हणाली. “मग त्या खोलीचं नाव काढणार नाही मी.”

“मी कुठं चुकलो? पाकोळ्यांना उशीर होतोय.”

मस्नियानं यंत्र होडीत घातलं आणि ती नदीपलीकडे, अगदी समोरच, बहिणीच्या घरी गेली. जाताना म्हणाली, “ते दोन शब्द निघाले की येईन.”

सारबाइनीनं हिशेब सोपा केला. पाकोळ्या आल्या की आपण बरोबर ठरू. बरोबर ठरलो की बायको येईल. मग माफीची गरजच काय? आता पाकोळ्या येत नाहीत, म्हणजे दोष विकतच्या आवाजाचा. परगावच्या पाकोळ्यांची बोली आपल्या पाकोळ्यांना कशी रुचावी? त्यानं ठरवलं, आवाज हाजीच्या पाकोळ्यांचाच हवा.

संध्याकाळी तो हाजीच्या भिंतीला पाठ लावून, फोन उंच धरून तासभर उभा राहिला. एक गोष्ट त्यानं कोणालाच सांगितली नव्हती. बारीक आवाज त्याला ऐकू येईनासे झाले होते. आधी रातकिडे गेले, मग किटलीची शिट्टी, मग पाखरं. त्याला वाटायचं, हल्ली पाखरंच अबोल झालीत. घरात मस्निया होती तोवर अडलं नाही. दार वाजलं की “उघडा”, किटली झाली की “उतरवा”. त्याचे कान तीच होती. त्या संध्याकाळी डोक्यावरून हजारो पाकोळ्या ओरडत गेल्या आणि हा मुक्या आकाशाखाली उभा होता. एकट्यानं राहणारा माणूस स्वतःशी बोलतो. तो काय बोलला, ते त्याच्याही ध्यानात राहिलं नाही.

घरी पुतण्यानं टाकून दिलेला कॉम्प्युटर होता. त्याचा स्वतःचा आवाज मेलेला, पण पडदा लख्ख. तार थेट छपरावरच्या कर्ण्यांना जोडलेली. सारबाइनीनं ध्वनिमुद्रण उघडलं. पडद्यावर आवाजाची रेघ आली. सगळीकडे गवतासारखी बुटकी, आणि मधेच एका जागी नारळाची बाग उभी राहावी तशी उंच.

“इथं जमल्या सगळ्या,” तो म्हणाला. त्यानं तेवढाच तुकडा निवडला, पहाटे पाच ते संध्याकाळी सात अशी वेळ लावून पुन्हा पुन्हा वाजवायचं बटण दाबलं आणि निवांत झोपला.

पहाटे पाचला छपरावरून आवाज सुरू झाला. पाकोळीचा नव्हे. “मस्निया, माझं चुकलं. यंत्र हलवायला नको होतं. ये गं परत. खारा मासा खाऊन जीभ सोलली.” पुन्हा, “मस्निया, माझं चुकलं...” संध्याकाळी सातपर्यंत. कर्णे बारीक आवाजाचे. त्यांतून आवाज असा चिरका निघाला, की खाली स्वयंपाकघरात बसलेल्या सारबाइनीला त्यातलं काही कळलं नाही.

त्याला कोणी सांगितलं का नाही म्हणता? अहो, माणूस बायकोची माफी मागत असेल तर मधे कोण बोलेल? गावाला वाटलं, मुद्दाम लावलंय. होड्यावाले त्याच्या घरासमोर इंजिन बंद करून वाहत जायचे. नदीतली सुसर काठावर येऊन डोळे पुसून गेली म्हणतात. धक्क्यावरच्या बायका नवऱ्यांना म्हणाल्या, “बघा. शिका काहीतरी.”

दुसऱ्या दिवशी हाजी कस्पुल आला. पायरीवर टेकला. मग म्हणाला, “सारबाइनी, छाती लागते. मला नसतं जमलं.”

“छाती कसली, हाजीसाहेब? तेच तेच ऐकवत राहायचं.”

“कंटाळा नाही येत?”

“मी कुठं ऐकतोय?”

हाजीनं डोळे पुसले. घरी जाऊन त्यानं हज्जिणीला न विचारता पहिल्यांदा चहा करून दिला. ती घाबरली.

पलीकडे मस्नियानं पहिल्या दिवशी खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी उघडली. तिसऱ्या दिवशी यंत्र होडीत घातलं.

दारात येऊन ती म्हणाली, “बंद करा आता. साऱ्या नदीनं ऐकलं.”

सारबाइनीचा चेहरा उजळला. “म्हणजे पाकोळ्या आल्या?”

मस्निया त्याच्याकडे बघत राहिली. मग वर बघून हळूच म्हणाली, “तुम्हाला ऐकू येत नाही ते?”

तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि कर्ण्यातला एकेक शब्द त्याला सांगितला, अगदी खाऱ्या माशापर्यंत. तो पाट ओढून बसला.

“हे मी म्हटलं?”

“तीन दिवस.”

“तुकडा चुकीचा निवडला गेला,” तो म्हणाला. मग पाटावरून उठला. “नाही. मी चुकीचा निवडला.”

आता खरी गंमत. त्याच संध्याकाळी, त्या आवाजाला भुलून, तीनशे पाकोळ्या रांगेनं वरच्या खोलीत शिरल्या. तीनशे, मी स्वतः मोजल्या. तेव्हापासून त्या खोलीत बोटभर जागा...

वरच्या खिडकीत खडखडणारं शिलाईयंत्र थांबलं.

“अहो, किटली आटली, तिची शिट्टी ऐकू आली नाही, आणि पाकोळ्या मोजल्या म्हणे. कोण सारबाइनी? कसल्या तीनशे? एकसुद्धा आली नाही. आले ती मी.”